गाठ गुडघ्यात, मग छातीचा सीटी कशासाठी? : ऑस्टिओसारकोमा आणि स्कॅन

गॅमा :

या संकेतस्थळाच्या आरोग्य विभागात हल्ली एक प्रश्न परत परत येतोय. घरातल्या मुलाच्या गुडघ्याजवळ गाठ निघते, एक्स-रे होतो, ऑस्टिओसारकोमाचा, म्हणजे हाडाच्या एका कॅन्सरचा, संशय येतो आणि मग डॉक्टर एमआरआय, छातीचा सीटी, बोन स्कॅन किंवा पेट-सीटी अशी यादी हातात देतात. गाठ पायात, मग छाती का तपासायची? पेटमध्ये सगळं अंग दिसतं, मग वेगळा सीटी कशाला? दर वेळी तेच लिहिण्यापेक्षा एक धागा काढते.

मी न्यूक्लिअर मेडिसिन विभागात तंत्रज्ञ होते. इंजेक्शन देणं, रुग्णाला टेबलावर नीट झोपवणं, कॅमेरा चालवणं हे माझं काम. रिपोर्ट डॉक्टर लिहितात, उपचार तेच ठरवतात. इथे मी फक्त कुठली तपासणी कशासाठी असते एवढंच सांगणार आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. हाडातच सुरू झालेला कॅन्सर आणि दुसरीकडे सुरू होऊन हाडात उतरलेला कॅन्सर हे वेगळे आजार आहेत. मोठ्या माणसांत दुसरा प्रकार कितीतरी जास्त आढळतो. हा धागा पहिल्याबद्दल आहे. ऑस्टिओसारकोमा बहुतेक वेळा वाढत्या वयात होतो, आणि हाडं जिथे सगळ्यात वेगानं वाढतात तिथे : मांडीच्या हाडाचं खालचं टोक, नडगीचं वरचं टोक, मग दंडाचं खांद्याकडचं टोक.

तो पसरतो रक्तातून. गाठीतल्या पेशी शिरांमध्ये शिरतात, शिरांचं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येतं आणि तिथून सरळ फुप्फुसांत जातं. फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या ही त्या पेशींच्या वाटेतली पहिली गाळणी. म्हणून हा आजार पसरलेला असेल तर बहुतेकांत तो फुप्फुसांतच सापडतो, त्याखालोखाल दुसऱ्या हाडांत. निदान होतं तेव्हाच स्कॅनमध्ये पसरलेला दिसतो असे रुग्ण साधारण १५ ते २० टक्के.

एमआरआय गुडघ्याचा नको, पूर्ण हाडाचा हवा. मांडीचं हाड असेल तर खुब्यापासून गुडघ्यापर्यंत. मज्जेत गाठ कुठवर गेली आहे, मोठी रक्तवाहिनी आणि नस यांच्यापासून किती लांब आहे, सांध्यात शिरली आहे का, हे त्यातच कळतं. शिवाय काही रुग्णांत त्याच हाडात थोडं अंतर सोडून दुसरी छोटी गाठ असते. तिला स्किप लीजन म्हणतात. फक्त गुडघ्याचा एमआरआय काढला तर ती सुटते, आणि हाड कुठे कापायचं हा निर्णयच चुकतो. एमआरआय बायोप्सीच्या आधी झालेला बरा, कारण सुई घातल्यावर रक्त आणि सूज येऊन चित्र बिघडतं.

छातीचा सीटी फुप्फुसातल्या बारीक गाठींसाठी. काप पातळ हवेत, एक-सव्वा मिलिमीटरचे, आणि श्वास पूर्ण भरून रोखलेला हवा. नुसत्या गाठी शोधायला कॉन्ट्रास्टचं (चित्र उठावदार करणारं) इंजेक्शन लागतंच असं नाही.

बोन स्कॅनमध्ये टेक्नेशियम-९९एम हा किरणोत्सर्गी पदार्थ लावलेलं एमडीपी नावाचं औषध शिरेतून देतात. हाड जिथे नव्यानं घडतंय तिथे ते जाऊन बसतं. दोन-तीन तास थांबायचं, भरपूर पाणी प्यायचं, लघवी करून टेबलावर यायचं. टेक्नेशियमचा अर्धायुकाल (निम्मं उरायला लागणारा वेळ) ६ तासांचा, त्यामुळे दुसऱ्या दिवसापर्यंत फारसं काही उरत नाही. हाडांसाठी ही फॉस्फेटची औषधं १९७१ मध्ये अमेरिकेत जी. सुब्रमण्यन आणि मॅकॅफी यांनी आणली. एमडीपी १९७५ चं, आणि आजही जगभर तेच वापरात आहे. आपल्याकडच्या नावाच्या एका माणसाचं हे काम रोज हाताळताना मला कायम अभिमान वाटायचा.

मुलांचा बोन स्कॅन बघून पालक हमखास घाबरतात, कारण दोन्ही गुडघे, घोटे, खांदे चमकत असतात. ती हाडांची वाढीची जागा, ग्रोथ प्लेट. दोन्ही बाजूंना सारखी चमकली तर ते वयाला धरून आहे. म्हणूनच आम्ही मुलाला सरळ झोपवायला इतका वेळ घेतो. एक पाय जरा बाहेर वळला तरी दोन बाजू सारख्या दिसत नाहीत. आणखी एक : कपड्यावर लघवीचा थेंब पडला असेल तर तोही स्कॅनमध्ये मांडीवरच्या ठिपक्यासारखा दिसतो. तंत्रज्ञानं चड्डी बदलून परत फोटो काढायला सांगितला तर रागावू नका.

पेट-सीटीत साखरेसारखं एफडीजी देतात. ज्या पेशी साखर जास्त खातात त्या उजळतात. चार ते सहा तास उपाशी, रक्तातली साखर आटोक्यात, इंजेक्शननंतर साधारण तासभर गप्प पडून राहायचं. बोलणं, चघळणं, मोबाईलवर खेळणं, थंडीनं कुडकुडणं, या सगळ्यानं स्नायू आणि मानेतली विशिष्ट चरबी उजळते, म्हणून पांघरूण देतो. यातल्या किरणोत्सर्गी फ्लोरिन-१८ चा अर्धायुकाल जेमतेम ११० मिनिटं. रुग्ण दोन तास उशिरा आला तर त्याच्यासाठी आणलेला डोस निम्म्याहून कमी झालेला असतो. तेव्हा दिलेली वेळ पाळा. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन, म्हणजे हे फ्लोरिन तयार करणारं यंत्र, २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. त्याआधी ही तपासणी आपल्याकडे मिळण्यासारखीच नव्हती.

प्रश्न विचारा. माहीत असेल तेवढं सांगेन.

विहंग :

फार गरजेचा धागा. वाचनखूण साठवली.

बोरूबहाद्दर :

माझ्या चुलतभावाला डॉक्टर म्हणाले की पेट केला की बाकी काही नको. मग छातीचा वेगळा सीटी म्हणजे दुकानदारीच नाही का?

गॅमा :

नाही. पेट-सीटी चालतो तेव्हा रुग्ण शांत श्वास घेत पडलेला असतो, कारण पूर्ण अंगाचा फोटो निघायला बराच वेळ लागतो. त्या काळात फुप्फुसांचा खालचा भाग सतत वरखाली होतो. ऑस्टिओसारकोमाच्या गाठी बऱ्याचदा कडेला, खालच्या भागातच असतात. तीन-चार मिलिमीटरची गाठ त्या हालचालीत पुसली जाते. आणि दिसली तरी एवढ्या छोट्या गाठीत साखर जमलेली कॅमेऱ्याला कळत नाही. साधारण ८-१० मिलिमीटरच्या खाली पेटमध्ये गाठ 'थंड' आहे, म्हणजे उजळत नाही, म्हणून कॅन्सर नाही, असं म्हणताच येत नाही.

काही ठिकाणी पेटच्याच टेबलावर शेवटी श्वास रोखून छातीचा वेगळा सीटी घेतात. तसं केलं असेल तर दुसऱ्यांदा करावा लागत नाही. अपॉइंटमेंट घेतानाच विचारा.

उलट बाजूही सांगते. पेट झाला असेल तर बहुधा बोन स्कॅन परत लागत नाही, दोन्हींचा प्रश्न बराचसा एकच असतो. तिथे 'दोन्ही का?' असं जरूर विचारा.

कृष्णाकाठ :

ताई, मी सांगलीची. मुलगा नववीत आहे. कबड्डीत गुडघा दुखावला म्हणून सुरुवात झाली. रात्री दुखायचं, झोप मोडायची. शेजारच्यांनी मालिशवाल्याकडे न्यायला सांगितलं होतं, पण आमच्या हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून लगेच मुंबईला पाठवलं, त्यांचे उपकार आहेत. बायोप्सी झाली. ऑस्टिओसारकोमा. परवा पेट आणि छातीचा सीटी आहे.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. सुई टोचल्यानं पसरतं असं घरातले सगळे सांगताहेत, ते खरं का? आणि त्या दिवशी मी त्याच्याजवळ बसू शकते का?

गॅमा :

ताई, बायोप्सी झाल्याशिवाय उपचारच ठरत नाही, त्यामुळे तुम्ही योग्य तेच केलं आहे. सुई जिथून जाते तो मार्ग पुढे ऑपरेशनमध्ये गाठीसोबत काढून टाकतात. म्हणूनच जिथे ऑपरेशन होणार तिथल्याच डॉक्टरांच्या सल्ल्यानं बायोप्सी व्हावी असं सांगतात. फुप्फुसात जे जायचं असतं ते सुईची वाट बघत नाही. घरातल्यांना हे शांतपणे सांगा, नाहीतर तो दोष उगीच तुम्ही डोक्यावर घेऊन बसाल.

इंजेक्शन दिल्यावर त्याच्याशी बोलायचं नाही, एवढ्यासाठी त्याला वेगळं ठेवतील. विभागाचे नियम वेगवेगळे असतात, लहान मुलांजवळ बऱ्याचदा एका मोठ्या माणसाला थांबू देतात. तुम्ही गरोदर असाल किंवा घरी तान्हं बाळ असेल तर आधी सांगा. सकाळी कबड्डीची आठवण काढून उड्या मारू देऊ नका, आदल्या दिवसापासून धावपळ नको. श्वास रोखायचा सराव मात्र घरी करून घ्या : पूर्ण भरायचा, दहा-बारा सेकंद धरायचा. घाबरलेलं मूल नेमकं मधेच श्वास सोडतं आणि सगळे काप परत घ्यावे लागतात.

आणि त्याला खरं सांगा काय होणार आहे ते. नववीतल्या मुलाला कळतं सगळं.

पिंपळपान :

माझ्या वडिलांना प्रोस्टेटचा कॅन्सर आहे आणि तो मणक्यात गेलाय. त्यांनाही बोन स्कॅनच झाला. त्यांचाही छातीचा असा सीटी करायला हवा का?

डॉ_सावली :

मी रेडिओलॉजिस्ट. तुमच्या वडिलांची गोष्ट वेगळी आहे. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत जातो तेव्हा तिथे बहुधा नवं हाड घडवतो, म्हणून बोन स्कॅनमध्ये तो ठळक दिसतो. आता पीएसएमए पेट (प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या पेशींना जाऊन चिकटणारं औषध देऊन काढलेला पेट) ही त्याहून नेमकी तपासणीही मिळते. वरच्या चर्चेतले नियम त्यांना लावू नका, तुमच्या युरोलॉजिस्टना विचारा. वेगळा धागा काढलात तर तिथे लिहीन.

गॅमाताईंच्या लेखाला एक जोड देतो. सीटी स्वच्छ आला तरी केमो का देतात, असं पालक विचारतात. १९७० च्या आधी फक्त पाय कापायचे. गाठ पूर्ण निघालेली, छातीचा एक्स-रे स्वच्छ, आणि तरीही दहातल्या जवळपास आठ जणांच्या फुप्फुसांत पुढे गाठी उगवायच्या. म्हणजे ऑपरेशनच्या दिवशी त्या पेशी तिथे होत्याच, दिसत नव्हत्या. सेंटीमीटरभर गाठीत कोट्यवधी पेशी असतात. सगळ्यात चांगल्या मशीनलाही त्यांतल्या पहिल्या काही हजार कधीच दिसणार नाहीत. केमो आल्यावर, आजार न पसरलेल्या रुग्णांत साठ-सत्तर टक्के बरे होऊ लागले. 'स्कॅन स्वच्छ आहे, मग केमो थांबवू का?' असं कुणी विचारलं की मला हेच आठवतं. थांबवू नका.

मेपल_पान :

टोरोंटोहून. टेरी फॉक्सचं नाव इथे यायलाच हवं. १९७७ मध्ये त्याचा उजवा पाय ऑस्टिओसारकोमामुळे गुडघ्याच्या वर कापला. १९८० मध्ये तो कृत्रिम पायावर कॅनडा ओलांडायला निघाला, कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे उभे करायला. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. १ सप्टेंबर १९८० ला थंडर बे गावाजवळ छातीत दुखायला लागलं, खोकला थांबेना, आणि तपासणीत आजार फुप्फुसांत पोचल्याचं कळलं. २८ जून १९८१ ला तो गेला, बावीस वर्षांचा होता. इथे दर सप्टेंबरला शाळांतून त्याच्या नावानं मुलं धावतात, माझी मुलगीही धावते. तेव्हा असे नियमित सीटी असते तर?

डॉ_सावली :

तेव्हा छातीचा सीटी सर्रास होत नव्हता, हे खरं. पण लवकर दिसलं असतं म्हणून तो वाचलाच असता असं मी म्हणणार नाही. त्या वेळची औषधंही आजच्यासारखी नव्हती. त्याच्या धावण्यानं जो पैसा उभा राहिला त्यातून पुढच्या मुलांसाठी संशोधन झालं, एवढं मात्र नक्की.

बोरूबहाद्दर :

गॅमा, तुमचं पेट आणि सीटीचं उत्तर पटलं. दुकानदारी हा शब्द मागे घेतो. पण रेडिएशनचं काय? पंधरा वर्षांच्या पोराला इतके सीटी, पेट...

डॉ_सावली :

रास्त चिंता आहे. कुठलाही स्कॅन न करता निसर्गातूनच माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट (हे किरणोत्सर्ग मोजायचं एकक) किरणोत्सर्ग मिळतो. छातीचा साधा एक्स-रे ०.१ किंवा त्याहून कमी. नेहमीचा छातीचा सीटी ५ ते ७ च्या आसपास, कमी डोसचा घेतला तर त्याहून बराच खाली. पेट-सीटी या सगळ्यांत जास्त. मुलांचा डोस वजनावर ठरवतात. सुरुवातीला आजार कुठवर गेलाय हे कळणं इतकं महत्त्वाचं असतं की तिथे कुणी हात आखडता घेत नाही.

खरा प्रश्न येतो उपचार संपल्यावर. पहिली दोन वर्षं साधारण दर तीन महिन्यांनी छाती बघायची असते, कारण आजार परतायचा असेल तर बहुधा याच काळात. मग दर वेळी सीटी हवा का? यावर आपल्या टाटा मेमोरियलमध्येच एक मोठा अभ्यास झाला, टॉस नावाचा, २०१४ मध्ये छापून आला. हातापायांच्या सारकोमाचे (हाडांच्या आणि स्नायू-चरबीसारख्या मऊ भागांच्या कॅन्सरचे) ५०० रुग्ण, निम्म्यांना फॉलोअपला छातीचा एक्स-रे आणि निम्म्यांना सीटी. सीटीवाल्यांच्या गाठी लवकर दिसल्या असतील, पण तीन वर्षांनंतर जिवंत असणाऱ्यांच्या प्रमाणात एक्स-रेवाले मागे पडले नाहीत. त्याच अभ्यासात आणखी एक दिसलं : मूळ जागी गाठ परत आली तेव्हा बहुतेकदा ती रुग्णाच्या स्वतःच्याच हाताला लागली होती.

ज्या घरांना दर तीन महिन्यांनी सीटीचे पैसे जमवताना दागिने मोडावे लागतात, त्यांच्यासाठी हा निष्कर्ष फार मोलाचा आहे. फक्त लक्षात ठेवा : ज्यांच्या फुप्फुसात आधीच काही दिसलं आहे त्यांना हे लागू होत नाही. तिथे सीटीच.

झिरो_माईल :

मी नागपूरचा. दहावीत असताना डाव्या गुडघ्याला ऑस्टिओसारकोमा झाला. केमो, मग धातूचा सांधा बसवला, परत केमो. उपचार संपल्यानंतर फॉलोअपमध्ये उजव्या फुप्फुसात गाठ दिसली. दिसली त्या दिवशी घरात सगळ्यांनी जेवण टाकलं होतं. आज मी नोकरी करतोय, बायको आहे, लेक आहे.

माझी ती गाठ ऑपरेशननं काढली, छाती उघडून. सीटीत एक होती. सर्जननं फुप्फुस हातानं चाचपलं तेव्हा आणखी एक बारीक लागली, तीही काढली. म्हणून आमचे डॉक्टर सांगायचे, सीटी वाट दाखवतो, शेवटचा शब्द बोटांचा. फुप्फुसात गेलं म्हणजे संपलं असं नसतं हे कृष्णाकाठ ताईंना सांगावंसं वाटतं. सगळ्या गाठी काढता आल्या तर तिघांतला एक किंवा त्याहूनही जास्त जण दीर्घ काळ राहतात, असं मला डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी त्यांतला आहे.

धातूच्या सांध्याबद्दल कुणी विचारेल म्हणून : छातीचा एक्स-रे आणि सीटी त्याच्यामुळे अडत नाही. गुडघ्याचा एमआरआय मात्र सांध्याजवळ काळा-पांढरा होऊन बिघडतो, म्हणून तिथे डॉक्टर हातानं तपासून आणि एक्स-रेवर भर देतात.

विहंग :

झिरो_माईल, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मनापासून धन्यवाद.

कृष्णाकाठ :

दादा, तुमचं वाचून रात्री झोप लागली. आज रिपोर्ट आला. पेटमध्ये गुडघ्याशिवाय दुसरं कुठलं हाड नाही. पण छातीच्या सीटीत दोन्ही फुप्फुसांत मिळून तीन नॉड्यूल (बारीक गाठी) लिहिलेत, सगळ्यात मोठा ४ मिलिमीटर, त्यातल्या एकात कॅल्शियम. 'इनडिटर्मिनेट' असं लिहिलंय. पेटमध्ये त्यात काही उजळत नाही. आमच्या ओळखीचे एक जण म्हणाले कॅल्शियम आहे म्हणजे जुनी टीबीची खूण, विसरून जा. दुसरे म्हणाले पसरलंय. ओपीडी सोमवारी आहे. तोवर काय समजू?

डॉ_सावली :

ताई, सोमवारपर्यंत यांतलं काहीच समजू नका. खरंच. दोघांनीही घाई केली आहे.

कॅल्शियमचं आधी. इतर आजारांत फुप्फुसातल्या गाठीत कॅल्शियम दिसलं की आम्ही निश्चिंत होतो, आणि आपल्या देशात जुन्या टीबीचे असे ठिपके लाखो लोकांच्या छातीत आहेत. पण ऑस्टिओसारकोमाच्या पेशी जिथे जातात तिथे स्वतःच हाड बनवतात. त्यामुळे त्याच्या फुप्फुसातल्या गाठीतही कॅल्शियम दिसू शकतं, कधी कधी तर ती बोन स्कॅनमध्येही चमकते. म्हणून या एका आजारात 'कॅल्शियम आहे, सोडून द्या' हा नियम चालत नाही.

आता दुसरी बाजू. ४ मिलिमीटरचे ठिपके निरोगी मुलांच्या सीटीतही सापडतात : फुप्फुसातल्या बारीक लसिका ग्रंथी, जुनं इन्फेक्शन. युरॅमॉस-१ ही युरोप-अमेरिकेतली या आजाराची मोठी चाचणी. तिच्यात फुप्फुसात पसरलंय असं सीटीवर नक्की धरायला ५ मिलिमीटर किंवा मोठ्या किमान तीन गाठी, किंवा एक सेंटीमीटरची किमान एक, असा निकष होता. तुमच्या मुलाचे ठिपके त्याच्या खाली आहेत. म्हणजे 'नाही' असं नव्हे, 'अजून सांगता येत नाही' असं. रिपोर्ट लिहिणाऱ्यानं प्रामाणिकपणे तेच लिहिलं आहे.

उत्तर काळ देतो. तुमच्याकडे आधी केमो होईल, मग ऑपरेशनच्या आधी परत सीटी. त्या दोन सीटींची शेजारी शेजारी तुलना होईल. ठिपका वाढला, विरघळला, की तसाच राहिला, त्यावरून बरंच कळतं. एक गुंता तिथेही आहे : केमोनं मेलेली गाठ आकसतेच असं नाही, तिच्यात कॅल्शियम भरून ती तेवढीच दिसू शकते. म्हणून नुसते मिलिमीटर मोजून घरी निष्कर्ष काढू नका. सगळ्या विभागांचे डॉक्टर एकत्र बसून बघतात ती जागा यासाठीच असते.

सोमवारी हे विचारा : पुढचा सीटी कधी? याच मशीनवर होईल का? केमो त्यामुळे बदलतो का?

गॅमा :

एक कळकळीची विनंती, सगळ्यांना. स्कॅनची सीडी घ्या. फिल्म नको म्हणत नाही, पण फिल्मवर निवडक चित्रं असतात. सीडीत सगळे काप असतात, ४ मिलिमीटरचा ठिपका त्यातच परत शोधता येतो. घरी आल्यावर लगेच दुसऱ्या पेनड्राइव्हवर कॉपी करा, सीडीवर तारीख लिहा. गावाकडे काढलेला सगळ्यात पहिला एक्स-रे आणि सीटीसुद्धा जपा. आधी कधी दुसऱ्या कारणानं छातीचा सीटी झाला असेल आणि त्यात हाच ठिपका तेवढाच असेल, तर एका मिनिटात सगळा घोळ संपतो.

मेपल_पान :

आमच्या शेजाऱ्यांना एका सेंटरनं सीडी द्यायला नकार दिला होता, रिपोर्ट पुरेसा आहे म्हणून. मग?

गॅमा :

लेखी अर्ज द्या, तारीख टाकून पोच घ्या. रुग्णाच्या तपासणीची माहिती मागायचा अधिकार रुग्णाला आहे. बहुतेक ठिकाणी लेखी मागितलं की मिळतं.

कृष्णाकाठ :

ओपीडी झाली. डॉक्टरही डॉ. सावलींसारखंच म्हणाले. केमो ठरल्याप्रमाणे सुरू. परळला राहण्याची सोय बघतोय, माहिती असेल तर सांगा.

झिरो_माईल :

दवाखान्यातल्या समाजसेवा विभागात आजच जा, ताई. योजनेचे कागद, राहणं, प्रवासाची सवलत, सगळं तिथून मार्गी लागतं. परळला नाना पालकर स्मृती समिती आहे, दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. मुलांसाठी सेंट ज्यूड्सची केंद्रं आहेत, पण तिथे दवाखान्याची चिठ्ठी लागते. जागा पटकन भरतात, सगळीकडे नाव घालून ठेवा. रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स भरपूर काढून ठेवा.

कृष्णाकाठ :

बरेच दिवसांनी लिहितेय. केमोत फार हाल झाले पोराचे, केस गेले, तोंड आलं, पण टिकला. ऑपरेशनच्या आधीचा सीटी झाला. तीनपैकी एक ठिपका दिसत नाही, दोन तेवढेच आहेत, नवीन काही नाही. कॅल्शियमवाला त्या दोनपैकीच एक आहे. डॉक्टर म्हणाले आधी पायाचं ऑपरेशन करू, राहिलेली केमो देऊ, मग परत सीटी बघून फुप्फुसाचं ठरवू. पाय वाचवणार आहेत. एमआरआयमध्ये मांडीच्या वरच्या भागात काही नाही, म्हणून तेवढंच हाड काढून सांधा बसवतील.

तो विचारतो, कबड्डी खेळता येईल का. झिरो_माईल दादा, तुम्हीच सांगा.

झिरो_माईल :

कबड्डी नाही, ताई. उड्या आणि आपटणं त्या सांध्याला चालत नाही, हे त्याला आत्ताच सांगितलेलं बरं. पोहता येतं, सायकल चालवता येते. मी ऑफिसच्या संघाचा स्कोअर लिहितो आणि पंचगिरी करतो. त्याला माझ्याशी बोलायचं असेल तर मला इथे व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी फोन करतो त्याला.

आणि दर फॉलोअपच्या आधीचा आठवडा वाईट जातो, मोठेपणीही. मला अजून जातो. त्या आठवड्यात घरात कुणी त्याच्या चिडचिडीचं मनावर घेऊ नका.

रानवाट :

धागा आत्ता वाचला. आमच्या पुतणीचा रिपोर्ट यूइंग सारकोमाचा, म्हणजे हाडाच्याच दुसऱ्या एका कॅन्सरचा, आलाय, कमरेच्या हाडात. तिलाही हेच सगळं लागू होतं का?

गॅमा :

काही सारखं, काही वेगळं. फुप्फुसं तिथेही पहिल्या क्रमांकावर, त्यामुळे श्वास रोखून काढलेला छातीचा सीटी हवाच. पण यूइंग दुसऱ्या हाडांत आणि हाडांच्या मज्जेतही जातो, म्हणून पूर्ण अंग बघणं तिथे आणखी महत्त्वाचं. मज्जेतला आजार पेट-सीटीत चांगला दिसतो. पूर्वी सगळ्यांची कमरेतून मज्जा काढून तपासायचे. आता पेट स्वच्छ असेल तर अनेक ठिकाणी ती टाळतात, पण ते तिच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. काही केंद्रांत पूर्ण अंगाचा एमआरआयही करतात, त्यात रेडिएशन नसतं.

एक लक्षात ठेवा. केमोच्या मधे पांढऱ्या पेशी वाढवायची इंजेक्शनं देतात. ती चालू असताना किंवा नुकतीच संपलेली असताना पेट काढला तर सगळी मज्जाच उजळते, आणि आजार आहे की इंजेक्शनचा परिणाम हे सांगणं अवघड होतं. शेवटचं इंजेक्शन कधी झालं ती तारीख अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, आणि पेटच्या दिवशी तंत्रज्ञालाही परत सांगा.